गोष्ट फोडण्याविषयी

आमच्या वाचनगटात एकच नियम होता आणि तो मी केलेला होता: पुढचं कोणी सांगायचं नाही.

चंदीगडमध्ये सेक्टर १५ मधल्या एका घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही आठ-नऊ जण जमतो. विद्यापीठ जवळच, सेक्टर १४ मध्ये, त्यामुळे एकदोन विद्यार्थी असतात. बाकीचे बँकेतून, शाळेतून, कचेऱ्यांतून निवृत्त झालेले. जे पुस्तक एकट्याने पुरं होत नाही असं अनुभवाने कळलेलं असतं, ते आम्ही एकत्र वाचतो. पहिलं पुस्तक कृष्णा सोबतींचं 'ज़िंदगीनामा'. ते पुरं व्हायला अकरा महिने लागले. दुसरं मी सुचवलं, नेमाड्यांचं 'कोसला'. गटात मराठी येणारी मी एकटीच, तेव्हा बाकीचे हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद घेऊन बसले आणि मी मूळ.

मराठी वाचकाला 'कोसला'चं वेगळं काही सांगायला नको, पण हे नियतकालिक इतर भाषांचे लोकही वाचतात. १९६३ साली आलेली ही कादंबरी. पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो, पैसे उडवतो, नापास होतो, घरी परततो. मध्येच त्याची धाकटी बहीण मणी मरते. ती पानं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आधी कोणी काही बोललं नव्हतं. हसत हसत चाललेलं पुस्तक एकदम हातातून निसटावं तसं झालं होतं. गटातल्या प्रत्येकाला ते तसंच अंगावर यावं, अशी माझी इच्छा होती. नियमामागचं कारण एवढंच.

दुसऱ्या रविवारी मासीजींनी चष्मा काढला आणि त्या म्हणाल्या, "ही लहान मुलगी जाणार आहे. मी मागून पुढे चाळलं."

मासीजी म्हणजे गटातल्या सर्वांत वयोवृद्ध, निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या पुढच्या. लायलपूरकडून १९४७ साली आलेलं घर. मी त्यांना तिथेच थांबवलं. आवाज चढवला नाही, पण शिक्षक वर्गात मुलाला थांबवतो तसं थांबवलं: "मासीजी, आपला नियम आहे ना?" खोलीत शांतता झाली. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. गटातल्या एका मुलाने मला जिन्यात गाठून आभार मानले, त्याला खरोखर कळून घ्यायचं नव्हतं. त्याची बाजूही खोटी नव्हती.

तेव्हापासून हा नियम मी कुठून उचलला, याचा माग काढते आहे. ही सवय मला घरातून मिळालेली नाही, हे लवकरच लक्षात आलं.

'स्पॉयलर' हा शब्द या अर्थाने अगदी अलीकडचा. १९७१ साली 'नॅशनल लँपून' या अमेरिकन विनोदी मासिकात त्या नावाचा एक लेख आला. वाचकांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून, अशा थट्टेच्या सुरात त्यात प्रसिद्ध चित्रपटांचे आणि कादंबऱ्यांचे शेवट एका ओळीत सांगून टाकले होते. मराठीत त्याला सरळ प्रतिशब्द नाही. 'रहस्यभेद' कोणी बोलताना म्हणत नाही. आपण म्हणतो, 'गोष्ट फोडली', 'गुपित फोडलं'. परीक्षेचा पेपर फुटतो. पण हेच क्रियापद आपण उलट्या अर्थानेही वापरतो. संधी फोडतो, सामासिक शब्दाची फोड करतो, आणि अवघड काही असलं की समोरचा म्हणतो, जरा फोड करून सांगा. एकच शब्द गुपित उघडं करण्याला आणि अर्थ उलगडण्याला. अनुवाद करताना असे शब्द अडून बसतात. इथे मात्र त्याने मला वाट दाखवली.

माझं आजोळ अमरावती जिल्ह्यातलं. आजोबा वर्षातून एकदा 'गुरुचरित्रा'चा सप्ताह करायचे. सात दिवसांत कुठल्या दिवशी कुठपर्यंत वाचायचं हे ठरलेलं. बायकांनी तो ग्रंथ वाचू नये असा संकेत घरात पाळला जाई. ऐकायला मात्र हरकत नव्हती, म्हणून आजी स्वयंपाकघरात बसून ऐके. हाताने काम चालू, कान बाहेर. कुठला अध्याय चालला आहे हे तिला भांड्यांच्या आवाजातही कळे, आणि आजोबांनी एखादी ओवी गाळली तर ती आतून खोकायची. गोष्ट तिला पाठ होती. तीस-चाळीस वर्षं तेच ऐकत होती. शेवट माहीत आहे म्हणून तिने कधी उठून जावं, असं झालं नाही.

सरस्वती गंगाधरांच्या या ग्रंथाचा शेवटचा अध्याय 'अवतरणिका' म्हणून ओळखला जातो. प्रतीनुसार तो बावन्नावा किंवा त्रेपन्नावा. सिद्धमुनी नामधारकाला सगळी कथा सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्या अध्यायापासून कशात काय आलं ते एकेका ओवीत सांगत जातात. अख्ख्या ग्रंथाचा सारांश ग्रंथातच. ज्यांना रोज पारायण जमत नाही ते फक्त अवतरणिका म्हणतात. म्हणजे कथेचा सांगाडा उघडा करून ठेवण्यात परंपरेला काही गैर वाटलं नाही. उलट तो सांगाडा म्हणणं हेच एक पुण्यकर्म केलं. आजच्या भाषेत बोलायचं तर प्रत्येक प्रकरणाचा स्पॉयलर एका जागी, आणि तो पाठ करायचा.

जुन्या ग्रंथांत हे नवं नाही. वाल्मीकिरामायणाच्या पहिल्याच सर्गात नारद वाल्मीकींना सगळी रामकथा शंभरेक श्लोकांत सांगून टाकतो, रावणवध आणि राज्याभिषेकासकट. महाभारत तर याहून बेधडक आहे. आदिपर्वाच्या आरंभीच धृतराष्ट्र एकेक घटना आठवून म्हणतो की, हे ऐकलं तेव्हाच मी विजयाची आशा सोडली; त्यानंतर पर्वांची यादी येते, कुठल्यात काय आहे त्यासह. आणि ही कथा ज्याला सांगितली जाते आहे तो जनमेजय अर्जुनाचा पणतू. ऐकणारा स्वतःच त्या कथेचा शेवट आहे! युद्धात कोण उरलं हे त्याच्यापासून लपवायचं कसं?

श्रीधरांच्या 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोथ्या महाराष्ट्रात गावोगाव मोठ्याने वाचल्या गेल्या. एक वाचणारा, बाकीचे ऐकणारे, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना कथा ठाऊक होती म्हणूनच भाषा कळत होती. हे अवघड वाङ्मयाच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे आणि आपण ते विसरतो. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली, कारण मधल्या काळात पाठ बिघडत गेले होते. आज तिची भाषा मराठी माणसालाही सरळ उलगडत नाही. तरी पारायणात शेकडो माणसं बसतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला पुढच्या अध्यायात काय येणार हे माहीत असतं. अर्जुन शेवटी युद्धाला उभा राहतो की नाही या उत्सुकतेने 'ज्ञानेश्वरी' कोणी वाचली नसावी. शेवटाची चिंता मिटली की डोकं मोकळं होतं, एखाद्या ओवीपाशी रेंगाळता येतं, दृष्टान्ताचा रस घेता येतो.

नारदीय कीर्तनाने तर क्रमच उलटा ठेवला. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, तात्पर्य तिथेच सांगून मोकळं व्हायचं. मग मध्यंतरी नामाचा गजर, बुक्का. आणि उत्तररंगात आख्यान. आधी अर्थ, नंतर गोष्ट. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा तिथेही सूत्रधार उभा राहून पदांतून कथा गात होता आणि पात्रं त्या त्या प्रसंगी येऊन आपली भाषणं करत होती. धनुष्य कोण मोडणार हे प्रेक्षकाला घरून निघतानाच ठाऊक. बघायचं होतं ते राम कसा उभा राहतो, रावण कसा ओरडतो.

मग माझ्यात हा नियम आला कुठून? छापील साप्ताहिकातून आणि वाचनालयातून, असं मला वाटतं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. पुढचा अंक येईपर्यंत थांबणं हा वाचनाचाच एक भाग झाला. आता पुढचं कोणालाच माहीत नव्हतं, माहीत असेल तर एका हरिभाऊंना. पोथीत श्रोता आणि वक्ता दोघांकडे कथा सारखीच होती. साप्ताहिकात ती एकाच्या मालकीची झाली. (तरीसुद्धा हरिभाऊंनी यमूच्या तोंडून मागे वळून हकीकत सांगवली आहे, त्यामुळे हे सगळं सुखात संपणार नाही याची सावली सुरुवातीपासून पडते. त्यांना जुनी रीत पूर्ण सोडवली नसावी.)

विसाव्या शतकात बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय. आमच्या गावातल्या वाचनालयाच्या एका प्रतीवर कोणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. माझ्या मामाने ते पुस्तक रागाने परत केलं आणि ग्रंथपालाशी भांडला. बरोबरच होतं त्याचं. त्या पुस्तकाकडे द्यायला जे होतं त्यातलं मोठं तेच होतं आणि ते कोणीतरी काढून घेतलं होतं. पुढे मी तौलनिक साहित्यात एम. ए. केलं, बरंच काही अवघड वाचलं, पण वाचक म्हणून मी मनातून मामाचीच भाची राहिले. 'कोसला' मी अर्नाळकरांच्या नियमाने वाचायला घेतली होती आणि दुसऱ्यांवरही तोच नियम लादला.

इथे पंजाबविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण मराठीतल्या अवघड पुस्तकांच्या सामूहिक वाचनाची एक फार जुनी शाखा याच प्रदेशात आहे. मराठी माणसाला पंजाब म्हटलं की नामदेव आठवतात, गुरु ग्रंथसाहिबातली त्यांची ६१ पदं आठवतात. २०१५ च्या एप्रिलमध्ये घुमानला अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा तर सगळ्यांना आठवली. पण महानुभावांचं नाव कोणी फारसं घेत नाही. पंजाबात या पंथाला जयकृष्णी म्हणतात. मठ पार पेशावर-काबूलपर्यंत होते, आणि सगळीकडे धर्मभाषा मराठी. पंजाबी घरांतून आलेल्या साधकांनी तेराव्या शतकातली मराठी शिकून चक्रधरांची वचनं अभ्यासली, आजही अभ्यासतात. आजोळी आमच्या शेजारी महानुभावांचं घर होतं, 'दंडवत प्रणाम' म्हणणारं. चंदीगडच्या बाजारात एका वृद्ध पंजाबी दुकानदाराने मला तेच शब्द ऐकवले तेव्हा मी चार मिनिटं पैसे द्यायचे विसरले होते.

या पंथाचे ग्रंथ शतकानुशतकं कुलपात होते. चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्या वापरल्या गेल्या. त्यांतली मुख्य सकळ लिपी, एका अक्षराच्या जागी दुसरं. किल्ली नसेल तर पान समोर असूनही वाचता येणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि मराठी गद्याच्या इतिहासाची सुरुवातच मागे सरकली. 'फोडणे' या क्रियापदाचे दोन्ही अर्थ इतके एकत्र आलेलं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. पंथाच्या दृष्टीने ते गुपित फुटणं होतं, मराठी वाचकाच्या दृष्टीने अर्थाची फोड. कोणाला त्रास झाला आणि कोणाला आनंद, हे कोण खोलीच्या कुठल्या बाजूला बसलं होतं यावर अवलंबून.

त्या कुलपातून बाहेर आलेलं मोठं पुस्तक म्हणजे म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र', साधारण १२७८ चं. त्याच्या निर्मितीची हकीकत मला हल्ली फार जवळची वाटते. चक्रधर निघून गेल्यावर रिद्धपूरला शिष्य एकत्र होते. म्हाइंभट एकेकाकडे जाऊन विचारत, स्वामी तेव्हा काय म्हणाले, कुठे बसले होते, कोण जवळ होतं. तपासून लिहीत. पुढे मूळ प्रत धाडीत गेली, आणि आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. हिराइसा या शिष्येच्या नावाने त्याचा एक पाठ चालतो. ज्यांनी ही पुनर्रचना केली त्यांना शेवट माहीत नव्हता असं कसं म्हणायचं? शेवट होऊन गेला होता, म्हणून तर आठवणी गोळा होत होत्या. स्वामींनी वाटेत कोणाला काय दिलं, कुठल्या झाडाखाली बसले, असल्या बारीक गोष्टींना जे वजन आलं आहे ते माणूस गेल्यामुळेच. आणि गंमत अशी की शेवटाबद्दल एकमत नाही. पंथ म्हणतो, स्वामींनी उत्तरापंथे गमन केलं. अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. पुस्तक वाचताना त्याने काही बिघडत नाही.

पंजाबच्या स्वतःच्या गोष्टीतही हेच आहे. वारिस शाहची 'हीर' १७६६ ची. गावात झाडाखाली, चौकात, एक गाणारा आणि भोवती माणसं, अशी ती दोनशे वर्षं ऐकली गेली. हीरला विष दिलं जातं हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण वारिसच्या आधी दामोदरने हीच कथा लिहिली होती आणि त्यात हीर-रांझा जिवंत राहतात. म्हणजे श्रोत्याला शेवट माहीत असतो आणि शेवट दुसरा असू शकला असता, हेही माहीत असतं. रहस्यकथेतल्या उत्सुकतेपेक्षा ही वेगळी चीज आहे. ऐकताना मन म्हणत राहतं, या खेपेला तरी नको.

पश्चिमेतही अवघड पुस्तकांनी कुलपं फार सांभाळलेली नाहीत. 'युलिसिस' १९२२ मध्ये बाहेर येण्याच्या दोन वर्षं आधीच जॉइसने कुठल्या प्रकरणामागे होमरचा कुठला प्रसंग आहे याचा आराखडा एका इटालियन मित्राला पाठवला होता. दुसरा आराखडा १९३० मध्ये स्टुअर्ट गिल्बर्टच्या पुस्तकातून लोकांसमोर आला. लेखकानेच केलेली फोड. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथल्या एका गटाने 'फिनेगन्स वेक' १९९५ मध्ये वाचायला घेतलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटचं पान गाठलं, अठ्ठावीस वर्षांनी. त्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य पहिल्या वाक्यात जाऊन मिळतं, त्यामुळे पुढच्या बैठकीला ते पहिल्या पानावर. त्यांच्यात कोणी शेवट सांगू नका म्हणालं असतं तर हशा पिकला असता.

२०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा वाचायला देऊन असं दाखवलं की, शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा किंचित जास्तच आवडल्या. पुढे इतरांच्या प्रयोगांत उलट निष्कर्ष आले. मला या प्रयोगांचं फार कौतुक नाही. पंधरा मिनिटांची लघुकथा एकट्याने वाचून तिला गुण देणं आणि वर्षभर आठ जणांनी मिळून एक कादंबरी चघळणं, यात साम्य फारसं नाही. शिवाय 'आवडली का' हा प्रश्नच अपुरा. मणी मरते ती पानं मला आवडली का? काय उत्तर देणार.

दोन महिन्यांनी मी मासीजींकडे गेले. जाताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. अवतरणिका, हीर, सगळं. माझं चुकलं, हे कबूल करायला एवढा इतिहास लागावा याची आता लाज वाटते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुत्तर, ते ठीक आहे. पण तू आम्हाला काय काय सांगतेस ते तुला माहीत आहे का?"

मला कळेना.

"पहिल्या दिवशी तू म्हणालीस, हा मुलगा म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पिढीचं रितेपण. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, लहान बहीण म्हणजे त्याच्यातलं निर्मळ काहीतरी. मी फक्त ती मरते एवढंच सांगितलं. तू तर ती कोण आहे तेच सांगून टाकलंस."

मी अनुवादक आहे, शेवट माहीत असल्याशिवाय मला पहिलं वाक्यही उतरवता येत नाही. पहिल्या पानावरचा शब्द शेवटच्या पानावर पुन्हा येणार असेल तर तो आत्ताच जपून निवडावा लागतो. तळटीप लिहिते, प्रस्तावना लिहिते. एका प्रकाशकाने माझ्या एका अनुवादाच्या मलपृष्ठावर अख्खं कथानक छापलं तेव्हा मी त्याच्याशी वाद घातला होता, आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी नायिकेच्या मौनाचा अर्थ चार पानं सांगितला होता. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. कथानक फोडणं गुन्हा, अर्थ फोडणं विद्वत्ता. 'हीर'च्या अनेक प्रतींतही शेवटी कोण कशाचं प्रतीक ते सांगणाऱ्या ओळी येतात, पण निदान गोष्ट संपल्यावर येतात. कीर्तनकार आधी सांगतो खरा, पण त्याच्या श्रोत्याने आख्यान आधी शंभरदा ऐकलेलं असतं. त्याला आपला अर्थ केव्हाच लागलेला असतो, बुवांचा पटला नाही तर तो घरी जाताना तसं बोलूनही दाखवतो. माझ्या गटात 'कोसला' नव्याने वाचणारी माणसं होती. त्यांच्या हाती गोष्ट यायच्या आत मी तात्पर्य ठेवत होते. पूर्वरंग करून उत्तररंग दाबून ठेवत होते.

मागून का वाचता, असं मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, तेही चहा ओतता ओतता. कुरुक्षेत्राच्या छावणीत त्या सहा वर्षांच्या होत्या. धाकटी बहीण काकूबरोबर मागच्या गाडीने येते आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. रोज सांगितलं जाई. छावणीतल्या सगळ्या मोठ्यांना ठाऊक होतं. त्यांना कळलं ते पुढच्या वर्षी, करनालला, एका शेजारणीच्या बोलण्यातून. "त्या सगळ्यांनी माझ्यावर मायाच केली," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकात मला ते नको. पुस्तकात मला आधी कळू दे, मग मी त्या मुलीबरोबर सावकाश राहीन."

'ज़िंदगीनामा'च्या वेळी त्यांनी मागून चाळलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. ते पुस्तक फाळणीच्या बरंच आधी थांबतं. गावातले शाह, जाट, त्यांच्या बायका, कोणालाच पुढचं माहीत नाही, आणि वाचकाला सगळं माहीत. अकरा महिने त्या खोलीत कोणीही फाळणी हा शब्द काढला नव्हता. शब्द काढू नका असा नियम तेव्हा कोणी केला नव्हता.

त्या रविवारी त्या परत आल्या. नियम आता असा नाही. पुढचं ज्याला बोलायचं असेल त्याने आधी विचारायचं, ज्याला ऐकायचं नसेल त्याने सांगायचं. आणि मी, पुस्तक अर्धं होईपर्यंत, 'म्हणजे' या शब्दाने सुरू होणारं वाक्य बोलायचं नाही. हे कलम मासीजींनी घातलं, आणि मला सगळ्यांत जास्त जड तेच जातं. मणीची पानं आली तेव्हा हिंदीतून त्यांनीच मोठ्याने वाचली, मधे कुठेही न थांबता. आदल्या आठवड्यात त्या प्रकरणाबद्दल बोलणं सुरू झालं होतं तेव्हा जिन्यात माझे आभार मानणारा तो मुलगा हात वर करून उठला होता आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला होता. दार उघडंच होतं. आले किसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग थांबला.